गाडी डावीकडं ओढते

गाडी घेताना लोक सगळ्यांना विचारतात. चालवणाऱ्याला विचारतात, गावातल्या मेकॅनिकला विचारतात, आणि ज्याचा काही संबंध नाही अशा पाहुण्यालाही बसवून घेऊन विचारतात. मागं बसणाऱ्याला मात्र कुणी विचारत नाही. मी सहा वर्षं मागं बसतेय. स्कूटरचं मागचं शॉकअप कधी गेलं, हे चालवणारीच्या आधी माझ्या मणक्याला कळतं. तरी आमच्या घरात नवी स्कूटर घ्यायचा विषय निघाला, तेव्हा माझे दीर हर्षल भाऊजी मला म्हणाले, "वयनी, तुमी जरा च्या ठेवा."

ठेवला. साखर घातली नाही, इतकंच.

माझं नाव विजयमाला. आमचं गाव चंदनापुरी घाटाच्या वर, आणि माझं शिवणाचं दुकान घाट उतरून संगमनेरात. दुकान म्हणजे बाजारपेठेमागच्या गल्लीतला एक गाळा, दोन मशिनी आणि गिऱ्हाइकांना बसायला एक बाकडं. माझी धाकटी जाऊ आरती, म्हणजे भाऊजींची बायको, तिथंच संगमनेरात एका डेअरीच्या ऑफिसात कामाला. ती गाडी चालवते, मी मागं बसते. सकाळी ती मला गल्लीच्या तोंडाशी सोडून पुढं जाते, संध्याकाळी तिथूनच उचलते. ती ड्रेस घालते, कारण ती ऑफिसात जाते. मी साडी नेसते, कारण मी थोरली सून आहे. गावात अजून हे असंच चालतं, आणि मी कधी त्यावर डोकं खाजवलेलं नव्हतं.

घरात आम्ही दोघी बोलतो ते कामापुरतं. दूध तापलं का, पाणी आलं का, सासऱ्यांची गोळी दिली का. खरं बोलणं होतं ते गाडीवर. तोंडं एकमेकींकडं नसतात म्हणून असेल, पण जे समोर बसून जिभेवर येत नाही ते घाटात सहज येतं. मला गर्भाशयाचं ऑपरेशन सांगितलं होतं तेव्हा ते नवऱ्याच्या आधी मी आरतीला सांगितलं. तिचं दुसरं बाळ पोटातच गेलं तेव्हा ती मान न वळवता म्हणाली होती, "ताई, ऱ्हायलं न्हाई ओ." त्या दिवशी मी गल्लीच्या तोंडाशी उतरलेच नाही. ती गाडी चालवत राहिली, मी मागं बसून राहिले, आणि प्रवरेच्या पुलावरून दोनदा जाऊन आल्यावर मग दोघी आपापल्या कामाला लागलो.

म्हणून आरतीची कंबर दुखायला लागली तेव्हा मला जी भीती वाटली, ती नुसती तिच्या कंबरेची नव्हती. डॉक्टर म्हणाले, रोजचा घाट बंद करा, नाहीतर निदान आरामाची गाडी तरी घ्या. भाऊजींनी लगेच निकाल लावला. "धड गाडी मिळाली तर घेऊ. न्हाईतर आमी संगमनेरात खोली करतो. ती तितनं चालत ऑफिसला जाईल, पोराचीबी शाळा जवळ पडंल." त्यांचं काही चुकीचं नव्हतं, आणि त्याचाच मला जास्त राग आला. दुकानाला काय, एसटीनंही जाता येतं. पण एसटीत मी कुणाशी बोलणार होते?

तेव्हा मी ठरवलं की धड गाडी मी शोधून दाखवीन.

आमच्या जुन्या स्कूटरचं एक दुखणं होतं. ती डावीकडं ओढायची. आरतीनं हँडल जरा सैल धरलं की गाडी निघाली रस्त्याच्या कडेला. गावातल्या कल्याण मेकॅनिकनं तिचा हँडलखालचा कोनसेट बदलला, पुढचा टायर बदलला, एकदा तर पुढचा सगळा भाग उघडून पसरून ठेवला आणि दुपारभर त्याच्याकडं नुसता बघत बसला. शेवटी म्हणाला, "कवातरी पडली आसंल. सवय लागली तिला." गाडीला सवय लागते हे मी पहिल्यांदाच ऐकलं. पण आम्ही ते मान्य केलं, आणि नव्या गाडीच्या बाबतीत पहिली अट घातली की ती सरळ चालली पाहिजे.

बाकीच्या अटी ज्याच्या त्याच्या. सासरे, म्हणजे आमचे सूर्यभान मामा, म्हणाले, "डबलशीट घाट चढली पायजे. मधी उतरून ढकलायची आसंल तर बैलगाडी काय वाईट हुती?" भाऊजींना ॲव्हरेज हवं होतं. माझे मालक सहादेव यांनी एकच विचारलं, पुढं पायाशी पेंडीचं पोतं बसेल का. आरती म्हणाली, "जरा जड, दमदार घेऊ. हलकी नको." मला तेव्हाच नवल वाटायला हवं होतं. सव्वापाच फुटाची, कंबर दुखणारी बाई जड गाडी मागते, हे काय गणित? पण मी माझ्याच विचारात होते.

पहिली पाहिली पूजाची. पूजा आमच्या शेजारची, नुकतीच बी.एड. झालेली. तिची निळी एकशे दहा सीसीची गाडी, दिसायला नाजूक. मी आणि आरती ती मागून घेऊन घाट उतरून चढून आलो. हलकी इतकी की आरतीनं एका हातानं स्टँडवर लावली. पिकअप बरा, घाटातल्या शेवटच्या वळणावर जरा दम लागल्यासारखी झाली, पण थांबली नाही. मागची सीट रुंद, धरायची दांडी हाताला येईल अशी, साडीगार्ड मोठं, आणि पाय ठेवायची पट्टी चांगली लांब. साडी नेसून एका बाजूला बसणाऱ्या बाईला ही पट्टी म्हणजे सगळं काही असतं. ती आखूड असली की एक पाय ठेवायचा आणि दुसरा वाऱ्यावर सोडायचा.

मला गाडी पसंत पडली. घरी येऊन मी आरतीला विचारलं, "ओढती का?"

ती म्हणाली, "जरा."

"जुनीपेक्षा कमी?"

"जास्तच, ताई."

म्हणजे गेली ती गाडी. मी पूजाला परत देताना सांगितलंसुद्धा, बाई, तुझी गाडी दाखवून घे. ती बिचारी दुसऱ्या दिवशी कल्याणकडं गेली आणि त्यानं तिचाही कोनसेट बदलला.

दुसरी सुनील सरांची. सर हायस्कूलला गणित शिकवतात आणि गाडी एकशे पंचवीसची वापरतात, तीही फडक्यानं पुसून. ही गाडी खरंच दमदार होती. घाट चढताना पुढचा उसाचा ट्रॅक्टर आरतीनं असा मागं टाकला की मी दांडी दोन्ही हातांनी धरली. पण सीट उतरती. ब्रेक दाबला की मी घसरत पुढं, आरतीच्या पाठीवर. शिवाय मागच्याची सीट चालवणाऱ्यापेक्षा उंच, त्यामुळं बसताना टाच उंचावून उडी मारल्यासारखं करावं लागे, आणि सरांच्या दारात साऱ्या गल्लीसमोर मी ते तीनदा केलं. सर म्हणाले, "सवय होईल." ज्याला म्हणून बसायचं नसतं, त्याला सगळ्याची सवय होईल असं वाटतं.

"ओढती?" मी घाटातच विचारलं.

"हीबी ओढती. पन कमी ओढती," आरती म्हणाली, आणि तिच्या आवाजात जरा आशा होती. मी मात्र तोवर चिडले होते. एवढाले कारखाने, एवढे इंजिनियर, आणि एकाला सरळ चालणारी स्कूटर करता येऊ नये?

भाऊजींनी ती गाडी एकट्यानं चालवून पाहिली आणि म्हणाले, "कुटं ओढती? सुतात चालती की." मी म्हणाले, "तुमाला काय कळतंय? तुमी मोटरसायकलवाले."

मग तिसरी पाहायला आम्ही थेट शोरूमलाच गेलो. आठवड्याची सुट्टी होती. आरती, मी आणि भाऊजी. ही बॅटरीवर चालणारी. पोरगेलासा सेल्समन होता, बोलायला गोड, आम्हा दोघींनाही मॅडम म्हणत होता. आम्ही नाशिक रस्त्यानं एक चक्कर मारली. ना धूर, ना थरथर. सीट सपाट आणि लांब, मागं टेकायला गादीचा तुकडा. आरामात ही सगळ्यांच्या वर, हे मी पाचव्या मिनिटाला कबूल केलं. पण तिला आवाजच नव्हता. मी आरतीला नेहमीच्या आवाजात दुकानातल्या एका गिऱ्हाइकाबद्दल सांगायला लागले, तर शेजारून चाललेला सायकलवाला मान वळवून ऐकायला लागला. आमचं सगळं बोलणं या गाडीवरून रस्ताभर वाटलं जाणार, हा एक मोठाच दोष मला तिच्यात दिसला.

शोरूमच्या दारात उतरल्यावर मी नेहमीचा प्रश्न विचारला. आरती खाली बघत म्हणाली, "ओढती, ताई."

मग माझा तोल गेला. मी सेल्समनला म्हणाले, "नवी कोरी गाडी, आणि डावीकडं ओढती? आमाला काय खेड्यातल्या बाया समजून खराब गाड्या दाखवता का?"

तो म्हणाला, "मॅडम, शक्य नाही. मी दाखवतो." त्यानं एकट्यानं गाडी नेली. शोरूमसमोरच्या मोकळ्या रस्त्यावर दोन्ही हात हँडलपासून वीतभर वर धरून आमच्यासमोरून गेला. गाडी सरळ. मग त्यानं आरतीला एकटीला चालवायला सांगितली. गाडी सरळ.

"आता मला मागं घेऊन चालव," मी त्या पोराला म्हणाले. "खोटं उघडं पडू दे."

मी रोजच्यासारखी बसले. दोन्ही पाय डावीकडं, पदर मांडीखाली, पिशवी मांडीवर. पोरानं गाडी काढली, हँडलवरचे हात सैल केले, आणि गाडी निघाली कडेच्या नालीकडं. त्यानं घाईनं धरली. त्याच्या उजव्या खांद्याला मी जवळून पाहिलं. तो खाली गेला होता, आणि त्या बाजूला झुकून तो गाडी सरळ ठेवत होता. शोरूमच्या दारात थांबल्यावर तो उतरला आणि माझ्या पायांकडं बघून पटकन दुसरीकडं बघायला लागला. कानापर्यंत लाल झाला होता.

"मॅडम, गाडी नाही ओढत हो," तो हळूच म्हणाला.

भाऊजी फोनवर होते, त्यांना काही कळलं नाही. आरतीला कळलं. तिच्या तोंडावर नवल नव्हतं, हे मला दिसलं. तिनं माझा हात धरायला हात पुढं केला आणि मी पिशवी दुसऱ्या हातात घेतली.

त्या दिवशी येताना आम्ही पहिल्यांदाच गप्प आलो. गाडी जुनीच होती आणि मी मागं तशीच बसले होते, कारण साडीत दुसरं कसं बसणार? पण या वेळी मी तिच्या पाठीकडं पाहिलं. पूर्ण घाटभर तिचा उजवा खांदा खाली होता. मी रोज तिच्या मागं बसत होते आणि ते एका बाजूला वाकणं मला तिची चालवायची ढब वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी दुकानात मी तिच्या सणावाराच्या ब्लाउजचं जुनं माप बाहेर काढलं. मी सगळ्या गिऱ्हाइकांची कागदी कापणी, म्हणजे मापाबरहुकूम कापलेले कागद, खुंटीला अडकवून ठेवते. आरतीची पहिली कापणी दोन्ही खांद्यांना सारखी होती. नंतर कधीतरी मी उजवा खांदा जरा उतरवला होता, पुढच्या खेपेला आणखी जरा. पर्स त्या खांद्याला अडकवते म्हणून उतरला असेल, असं तेव्हा मला वाटलं होतं. माझ्याच कात्रीनं मी तिचा खांदा इतका इतका खाली आणत गेले आणि ब्लाउज मात्र बरोबर बसवत राहिले. मला फार वाईट वाटलं. आणि त्याहून जास्त राग आला, तिचा.

मी एसटीनं जायला लागले. कुणी विचारलं तर म्हणायचे, गिऱ्हाइकाचं लवकर द्यायचंय. एसटीत बसायला जागा मिळायची, खिडकीही मिळायची. शेजारच्या बाईनं एकदा विचारलं, कुठल्या तुम्ही? मी सांगितलं आणि मग घाट संपेपर्यंत आम्ही दोघी समोरच्या सीटच्या पाठीकडं बघत बसलो.

तिकडं भाऊजींनी खोली पाहिली. दोन खोल्या, नळाचं पाणी, ऑफिसपासून चालत. घरमालकाला शनिवारी संध्याकाळी कळवायचं होतं. मामांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "जावा. आमी काय, हायेच हितं." माझे मालक त्या दिवशी भाकरी निम्मी ठेवून उठले.

शुक्रवारी दुपारच्या सुट्टीत आरती माझ्या दुकानात आली. मी कापड बेतत होते. ती बाकड्यावर बसली आणि एक बॉबिन हातात घेऊन दोरा उलगडत राहिली.

"ताई, रागावलाय का?"

"कुनावर?"

"माज्यावर."

"व्हय," मी म्हणाले. "कवापासनं ठाऊक हुतं तुला?"

"लई दिसापासनं. दुसऱ्याच वर्षी कळलं. तुमी माहेरी गेल्ता तवा मी आठ दिस येकटी आल्ते. गाडी सरळ चालायची."

"आनि बोलली न्हाईस."

"काय बोलू? ताई, तुमी नीट बसा, असं म्हनू?"

"म्हनायचं."

"तुमी नीट बसला नसता," आरती म्हणाली. "तुमी एसटीनं गेला असता. बगतेच हाय की मी ह्ये चार-पाच दिस." तिनं बॉबिन खाली ठेवली. दोरा सगळा मांडीवर झाला होता. "मग मी येकटीनं काय करायचं त्या रस्त्यानं? मला वाटलं, येखादी जड गाडी तरी सोसंल. सरांची जरा सोसत हुती."

कात्री हातात तशीच राहिली. मी गाडीत खोट शोधत होते आणि ती मला सोसणारी गाडी शोधत होती. तिची कंबर गेली होती, आता घर सुटायला आलं होतं, तरी तिनं एवढं एक वाक्य माझ्यासमोर उच्चारलं नव्हतं. मला रडू आलं आणि ते लपवायला दुकानात जागा नव्हती.

"मूर्ख हाईस," मी म्हणाले.

"व्हय."

मग मी डोळे पुसले, टेप गळ्यातून काढली आणि तिच्या हातात दिली. "घे. माप घे माजं."

"कशाचं?"

"ड्रेसचं. सलवार सैल ठिव, गुडघा दुमडाया पायजे. आनि उंची गुडघ्याच्या खाली. त्याच्या वर मी जानार न्हाई."

मी गावातल्या निम्म्या पोरींचे ड्रेस शिवलेत, पण स्वतःचं माप स्वतःला घेता येत नाही. हात वर केला की सगळंच हलतं. आरतीला टेप धड धरता येत नव्हती. शून्याचं टोक कुठलं तेच तिला आधी कळेना. कंबरेचं माप तिनं दोनदा घेतलं आणि दोन्हीदा वेगळं सांगितलं. मी म्हणाले, मोठं असेल ते धर. तेवढ्यात चांगुणाबाई ब्लाउज न्यायला आल्या, थोरल्या जावेला धाकटी माप लावतेय हे पाहून दारातच थांबल्या आणि म्हणाल्या, "सावकाश चालू द्या, मला घाई न्हाई." आणि खरोखरच बसून बघत राहिल्या.

दुकान बंद करायच्या आत ड्रेस झाला. मातकट रंगाचा, बारीक फुलांचा. कापड माझ्याकडं कधीचं पडून होतं.

शनिवारी सकाळी तो घालून मी आतल्या खोलीत बराच वेळ नुसती उभी होते. आयुष्यभर मी ओढणी दुसऱ्यांच्या खांद्यावर नीट करून दिली, पण माझ्या खांद्यावर ती थांबेचना. माझे मालक आत आले, त्यांनी मला पाहिलं आणि म्हणाले, "कोन पावनं आल्यात?" मी म्हणाले, "गप बसा." ते गप बसले, पण हसत हसत बसले.

खरी धास्ती मामांची होती. ते ओट्यावर पेपर वाचत असतात आणि त्यांच्या समोरून गेल्याशिवाय अंगणात जाता येत नाही. मी खाली बघत निघाले. पेपर खाली आला. मामांनी चष्मा सारखा केला, मला पायापासून वर पाहिलं आणि विचारलं, "आज काय शाळा हाय का?"

"मागं नीट बसायचंय, मामा," मी म्हणाले. माझा आवाज मलाच बारीक वाटला. "आरतीच्या कंबरंला तरास होतो माज्या बसन्यानं."

ते पेपर उचलून म्हणाले, "मग बस की. हुबी का ऱ्हायलीस?"

अंगणात आरती पूजाची निळी गाडी घेऊन उभी होती. मीच ती मागून आणायला सांगितली होती. सगळ्यांत हलकी गाडी तीच आणि माझ्या बसण्यानं सगळ्यांत जास्त वाकडी गेली होती तीही तीच. पारख करायची तर तिचीच करायची होती. भाऊजी बाजूला उभे होते. संध्याकाळी घरमालकाला काय सांगायचं ते या चकरेवर ठरणार होतं, हे आम्हा तिघांनाही ठाऊक होतं.

मी पाय पलीकडं टाकला. वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी हे पहिल्यांदा करताना गुडघा कुरकुरतो आणि सारं गाव बघतंय असं वाटतं. गाव बघतच होतं. पारावरचे चौघे उठून उभे राहिले. आरतीनं गाडी काढली आणि मी डोळे मिटून घेतले. ते उघडले तेव्हा आम्ही हमरस्त्याला लागलो होतो.

आणि मला समोरचा रस्ता दिसत होता. याचं मला जे अप्रूप वाटलं ते सांगून कुणाला पटायचं नाही. सहा वर्षं मी या रस्त्यानं आडवं तोंड करून गेले होते. जाताना एका बाजूची शेतं, ढाबे आणि कोंबड्यांच्या शेडी, येताना दुसऱ्या बाजूच्या. समोरून काय येतंय ते मला ते निघून गेल्यावर कळायचं. आता आरतीच्या खांद्यावरून सगळा रस्ता सरळ पुढं दिसत होता, घाटाच्या तोंडापर्यंत.

"ताई, सोडू का हात?" आरतीनं विचारलं.

"सोड."

तिनं हँडलवरचे हात सैल केले, बोटं उघडली. गाडी पांढऱ्या पट्ट्याला धरून सरळ गेली. आणखी थोडी गेली, तरी सरळच. तिनं हँडल परत धरलं तेव्हा तिचे दोन्ही खांदे सारखे होते. मी शिंपीण आहे, माझ्या डोळ्याला ते टेपशिवाय दिसतं.

"कंबर?" मी विचारलं.

"आज लगीच कशी थांबंल? पन आज ओढ न्हाई." मग वळण घेऊन झाल्यावर म्हणाली, "खोली नको म्हनून सांगते ह्यास्नी. आनि अशीच गाडी घेऊ. मागं तुमाला बरी वाटती ना?"

मी म्हणाले, "बरी हाय." आणि मग चांगुणाबाईंचं सांगायला लागले. काल आरती गेल्यावर बाई ब्लाउज घालून बघत होत्या आणि लग्नातलंच माप धर म्हणून अडून बसल्या होत्या. मी म्हणाले, बाई, लग्नाला तीस वर्षं झाली, मधी चार पोरं झाली, तर त्या म्हणाल्या कशा...

बोलता बोलता माझं लक्ष हँडलवरच्या आरशाकडं गेलं. आरतीच्या तोंडाला स्कार्फ होता, वर हेल्मेट, काच उघडी. दिसत होते ते फक्त डोळे. ते बारीक झाले होते आणि त्यांच्या कडेला सुरकुत्या पडल्या होत्या. मी अजून हसायच्या जागेपर्यंत आलेच नव्हते, आणि ती आधीच हसत होती. सहा वर्षं मी रोज जिच्याशी बोलत होते, ती ऐकताना कशी दिसते हे मी कधीच पाहिलेलं नव्हतं.

माझा आवाज थांबला. घाट सुरू झाला होता, गाडी उतरणीला लागली होती. आरशातले डोळे वर झाले आणि माझ्याकडं पाहायला लागले.

"थांबला का, ताई?" आरती म्हणाली. "बोला की."